परदेशात वाघ-सिंहांचं पार्क बघायचंय? पार्क निवडण्यापासून परतीपर्यंत

परदेशी सहलीत एखादा दिवस वाघ-सिंहांच्या पार्कसाठी ठेवणार असाल, तर एक गोष्ट आधीच ठरवून टाका. जिथे वाघ दिसण्याची हमी देतात आणि वर त्याच्या अंगावर हात ठेवून फोटोही काढू देतात, तिथे जायचं नाही. 'आज तो झाडीतून बाहेर येईलच असं नाही' असं जिथे तिकीटखिडकीवरच सांगतात, ते पार्क बहुधा चांगलं असतं. तिथे जनावराला माणसांच्या नजरेआड जायची मुभा असते. मग त्याला बघायचं कसं, कोणत्या वेळी जायचं आणि कुठे थांबायचं, याचा अभ्यास आपल्याला करावा लागतो.

आधी जागेचा प्रकार ओळखा

सिंहाचं चित्र सगळ्यांच्याच जाहिरातीत असतं, पण आतला मामला अगदी वेगवेगळा असतो.

गाडीतून फिरायचं सफारी पार्क हा एक प्रकार. इंग्लंडमधलं लाँगलीट १९६६ साली सुरू झालं. आफ्रिकेबाहेरचं हे असं पहिलं पार्क. इथे सिंह मोकळे असतात आणि माणसं गाडीत कोंडलेली.

दुसरा प्रकार आधुनिक प्राणिसंग्रहालयाचा किंवा वन्यजीव पार्कचा. मोठी कुरणं, खंदक, काचा आणि पायी फिरायच्या वाटा. इंग्लंडमध्ये डॉनकास्टरजवळच्या यॉर्कशायर वाइल्डलाइफ पार्कने २०१० मध्ये रोमेनियातल्या ओरादिया इथल्या प्राणिसंग्रहालयात हलाखीत जगणारे १३ सिंह आणून कुरणात सोडले होते.

तिसरा प्रकार आश्रयस्थानाचा. सर्कशीतून, बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयांतून किंवा कुणाच्या घराच्या परसातून सोडवून आणलेली जनावरं इथे आयुष्यभर राहतात. दक्षिण आफ्रिकेत बेथलेहेम गावाजवळचं 'फोर पॉज' संस्थेचं लायन्सरॉक, अमेरिकेत कोलोरॅडोमधलं द वाइल्ड ॲनिमल सँक्च्युअरी आणि आर्कान्सॉमधलं टर्पेंटाइन क्रीक ही यातली ठळक नावं.

चौथा प्रकार संशोधन आणि संवर्धन केंद्रांचा. १९९० मध्ये स्थापन झालेल्या चीता कन्झर्व्हेशन फंडचं नामिबियात ओचिवारोंगोजवळचं केंद्र पर्यटकांना खुलं आहे. तिथे चित्त्यांइतकीच राखणीच्या कुत्र्यांचीही चर्चा असते. हे कुत्रे शेतकऱ्यांना दिले जातात. ते शेळ्यामेंढ्या राखतात आणि मग शेतकरी चित्त्यावर बंदूक उचलत नाही.

पाचवा प्रकार निव्वळ फोटोच्या दुकानांचा, आणि ही दुकानं नाव मात्र वरच्यांपैकी कुणाचंही लावतात. 'सँक्च्युअरी', 'रेस्क्यू', 'कन्झर्व्हेशन' हे शब्द बहुतेक देशांत कुणीही पाटीवर रंगवू शकतं. त्यामुळे पाटी वाचून काही ठरवू नका.

पार्क पारखून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. हे काम घरी बसून, तिकीट काढण्याआधी करायचं आहे. दारापर्यंत पोचल्यावर, मुलं सोबत असताना, पाऊल मागे घेणं कुणालाच जमत नाही.

पहिली कसोटी स्पर्शाची. बछड्याला बाटलीने दूध पाजणं, मांडीवर घेणं, सिंहांसोबत चालायला जाणं, साखळीतल्या वाघाशेजारी बसणं, यातलं काहीही विकत मिळत असेल तर ती जागा बाद. यात भावनेपेक्षा हिशेब बघा. वाघाचा बछडा माणसांच्या हाती देण्याजोगा राहतो तो जेमतेम काही आठवडे. तीन महिन्यांचा झाला की त्याचे दात आणि पंजे खेळाखेळात रक्त काढतात. म्हणजे वर्षभर हा धंदा चालवायचा तर सतत नवी पिल्लं हवीत, ती आईपासून लवकर तोडायला हवीत, आणि मोठ्या झालेल्या जनावरांची कुठेतरी सोय लावायला हवी. ही सोय कुठे लागते, हा प्रश्न विचारला की हसरे चेहरे गंभीर होतात.

थायलंडमध्ये कांचनाबुरीच्या 'टायगर टेंपल'ची कीर्ती जगभर होती. भिक्षू, शांत पहुडलेले वाघ आणि शेजारी बसून फोटो काढणारे पर्यटक. २०१६ मध्ये वन्यजीव अधिकाऱ्यांनी तिथून १३७ वाघ हलवले, तेव्हा फ्रीझरमध्ये ४० मेलेले बछडे सापडले. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांची गोष्ट याहून लांबलचक. लहानपणी पर्यटकांनी कुरवाळायचं, जरा मोठे झाल्यावर त्यांच्यासोबत फिरायला जायचं, आणि पूर्ण वाढल्यावर कुंपणात सोडून शिकाऱ्याला विकायचं. उरलेल्या हाडांनाही बाजार होता. २०१७ मध्ये सरकारने वर्षाला ८०० सांगाडे निर्यात करायला मुभा दिली होती. पुढे २०२१ मध्ये तिथल्याच सरकारने हा बंदिस्त सिंहांचा धंदा संपवण्याचं धोरण जाहीर केलं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ च्या कायद्याने लोकांना बछडे हाताळू देण्यावर बंदी आली. नियम देशागणिक वेगळे आहेत, त्यामुळे 'इथे कायदेशीर आहे' हे उत्तर पुरेसं मानू नका.

पैसे भरून बछडे वाढवायला बोलावणारे 'स्वयंसेवक' कार्यक्रमही याच हिशेबात बसतात. 'आईने टाकलेली पिल्लं' ही तिथली ठरलेली कहाणी. एखादी वाघीण पिल्लू टाकते, हे खरं आहे. पण एकाच पार्कमध्ये दर दोन महिन्यांनी एक आई पिल्लू टाकत असेल, तर गोम वेगळीच आहे.

दुसरी कसोटी पिल्लांच्या जन्माची, आणि इथे जरा सांभाळून. खऱ्या आश्रयस्थानात पिल्लं जन्माला घालत नाहीत. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयात मात्र जन्म होऊ शकतात, कारण कुणाची जोडी कुणाशी लावायची हे अनेक संग्रहालयं मिळून, वंशावळ तपासून ठरवतात. म्हणून नुसतं 'पिल्लं आहेत का' असं विचारू नका. पार्कला ईमेल करून विचारा: पिल्लं कोणत्या प्रजनन कार्यक्रमात जन्मली, आणि मोठी झाल्यावर कुठे जातात? चांगल्या जागा याचं सरळ उत्तर देतात. एवढ्या एका ईमेलवरून मला जितकं कळतं तितकं शंभर रिव्ह्यू वाचून कळत नाही.

तिसरी कसोटी मान्यतेची. आश्रयस्थान असेल तर ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज या संस्थेची मान्यता आहे का, ते बघा. प्राणिसंग्रहालय असेल तर प्राणिसंग्रहालयांच्या संघटनांची नावं बघा: अमेरिकेत एझेडए, युरोपात ईएझेडए, ब्रिटनमध्ये बियाझा. पार्कच्या वेबसाइटवरच्या बोधचिन्हावर विसंबू नका, त्या संस्थेच्या यादीत पार्कचं नाव शोधा. चिन्ह चिकटवायला काही लागत नाही. मान्यता नसलेली प्रत्येक जागा वाईट असते असं नाही, पण मग बाकीच्या कसोट्या कडक लावाव्या लागतात.

पांढऱ्या वाघांची जाहिरात जितकी मोठी, तितकं मी त्या पार्ककडे संशयाने बघतो. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, तो एका अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसणाऱ्या जनुकामुळे, येणारा रंग आहे. बंदिवासातले बहुतेक पांढरे वाघ १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या 'मोहन' या बछड्याच्या वंशातले. रंग टिकवायचा म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावत गेले. त्यातच या वाघांमध्ये तिरळेपणा वारंवार दिसतो. जुन्या काळात आलेला एखादा म्हातारा पांढरा वाघ आश्रयस्थानात असू शकतो. पण 'नवे पांढरे बछडे आले हो' अशी दवंडी पिटणारं पार्क टाळावं. सिंह आणि वाघीण यांच्या संकरातून केलेल्या लायगरच्या बाबतीतही तेच. संवर्धनासाठी लायगरचा काडीचा उपयोग नाही.

रिव्ह्यू वाचायचेच तर तारे सोडा, लोकांनी टाकलेले फोटो बघा. जनावराला आडोसा दिसतो का? पायाखाली माती-गवत आहे की नुसतं काँक्रीट? एकाच वाटेवर येरझाऱ्या घालून जमीन झिजलेली आहे का? मोठमोठ्या तिकीट वेबसाइटवर एखादी जागा दिसते म्हणून ती चांगली, असं समजू नका. ट्रिपॲडव्हायझरने २०१६ मध्ये वन्यप्राण्यांना थेट हात लावायच्या उपक्रमांची तिकिटं विकणं थांबवायचं ठरवलं, पण असे उपक्रम दुसरीकडे सर्रास मिळतात.

बुकिंग, दिवस आणि वेळ

आयत्या वेळी दारात उभं राहण्याचा बेत इथे फसू शकतो. इंग्लंडमध्ये केंटमधल्या स्मार्डन गावचं द बिग कॅट सँक्च्युअरी रोजच्या पर्यटकांसाठी उघडं नसतं, तिथे आगाऊ बुकिंग केलेले कार्यक्रम किंवा ठरावीक खुले दिवस असतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या कॅरोलिना टायगर रेस्क्यूमध्ये गाईडसोबतच फिरावं लागतं. अशा टूरच्या जागा मोजक्या असतात. तेव्हा विमानाची तिकिटं झाली की लगेच हे बुकिंग करून टाका. मुलांसाठी वयाची अट आहे का, तेही तेव्हाच बघा.

वेळ निवडताना जनावराचं घड्याळ बघा. सिंह दिवसाचे १६ ते २० तास नुसता पडून असतो. दुपारी बाराला पोचणाऱ्याला बहुधा सावलीत पसरलेलं पिवळं पोट दिसतं. सकाळचा पहिला स्लॉट किंवा बंद होण्याआधीचे दोन तास उत्तम. चित्ता दिवसा वावरणारा प्राणी, त्यामुळे सकाळी थोडा उशीर झाला तरी चालतं. वाघ आणि हिमबिबट्या थंडीत खुलतात. गारठ्यामुळे सहल वाया जाईल असं वाटत असेल, तर त्या दिवशी या दोघांकडे आधी जा.

खाऊ घालण्याची वेळ विचारून घ्या, आणि वारही विचारा. अनेक पार्कमध्ये आठवड्यातला एखादा दिवस मोठ्या मांसाहारी प्राण्यांना मुद्दाम उपाशी ठेवतात, कारण जंगलातही त्यांना रोज शिकार मिळत नसते.

पार्कमध्येच मुक्कामाची सोय असेल आणि खिशाला परवडत असेल तर एक रात्र जरूर राहा. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते, आणि ती बहुतेक पहाटे, संध्याकाळी आणि रात्री फुटते. तोवर दिवसभराचे पर्यटक हॉटेलवर पोचलेले असतात.

अशी पार्कं शहरापासून लांब असतात. जायची बस सापडते, परतीची नसते. परतीची गाडी सकाळीच ठरवून ठेवा.

सोबत काय घ्यावं

आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. चालायचे बूट, पाणी, टोपी हे तर आलंच. ड्रोन हॉटेलवर ठेवा. खायचे पदार्थ आत नेता येतात का, ते आधी विचारा.

अत्तर किंवा परफ्यूम मात्र त्या दिवशी लावू नका. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात मोठ्या मांजरींना वेगवेगळी परफ्यूम हुंगायला दिली, तेव्हा कॅल्विन क्लाइनच्या 'ऑब्सेशन फॉर मेन'ने बाजी मारली. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जॅग्वारला कॅमेऱ्यासमोर रेंगाळायला लावण्यासाठी संशोधकांनी तेच वापरलं. कुंपणापलीकडच्या जनावराला भुलवणं हे आपलं काम नाही.

गाडीतून फिरताना

भाड्याची गाडी घेतली असेल तर करार वाचा. सफारी पार्कमधलं नुकसान विम्यातून वगळलेलं असू शकतं, आणि कापडी टपाच्या गाड्यांना सिंहांच्या भागात बहुधा सोडत नाहीत. पेट्रोल किंवा चार्जिंग बघून घ्या. आत शिरण्याआधी सगळ्यांनी, पुन्हा सांगतो, सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा.

आत गेल्यावर काचा पूर्ण वर. फोटोसाठी चार बोटं उघडलेली काचही नको. जून २०१५ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या पार्कमध्ये काच उघडी असलेल्या गाडीतल्या पर्यटक महिलेचा सिंहिणीने जीव घेतला. जुलै २०१६ मध्ये बीजिंगजवळच्या बादालिंग पार्कमध्ये एक बाई वाघांच्या भागात गाडीतून उतरली. वाघाने तिला ओढलं, तिला सोडवायला धावलेली तिची आई मारली गेली. बाई वाचली.

गाडी बंद पडली तरी उतरायचं नाही. हॉर्न वाजवा, दिवे चमकवा, प्रवेशद्वारावर मिळालेल्या कागदावरचा नंबर लावा. तो नंबर आत शिरतानाच फोनमध्ये टाकून ठेवलेला बरा. सिंह गाडीला टेकून बसला तर वाट बघा, पार्कची गाडी येऊन त्याला उठवते. त्याला हॉर्न मारून हुसकावायला जाऊ नका.

कुंपणापाशी कसं थांबावं

बहुतेक लोक एका प्राण्यापाशी दोन मिनिटं थांबतात, 'कुठे दिसत नाही' म्हणतात आणि पुढे सरकतात. तुम्ही नकाशावर तीनच जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास द्या. सुरुवातीला उंच गवत, ओंडक्यांची मागची बाजू, मचाणाखालची सावली दुर्बिणीने तपासा. कानाची हालचाल आधी दिसते, बिबट्या नंतर.

कीपर, म्हणजे जनावरांची निगा राखणारा कर्मचारी, जनावराला प्रशिक्षण देत असेल तर ते चुकवू नका. शिट्टी वाजते, वाघ जाळीपाशी येतो आणि मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे जाळीवर टेकवतो. कीपर खालून पंज्याची गादी आणि नखं तपासतो आणि लांब चिमट्याने मांसाचा तुकडा आत सरकवतो. वाघाची तब्येत बघायची, भुलीचं इंजेक्शन न देता आणि जाळीच्या अलीकडे राहून. वाघ आला नाही तर? कीपर चिमटा बादलीत टाकून निघून जातो. वाघाची मर्जी. चांगल्या पार्कमध्ये सगळ्यात बघण्यासारखं काही असेल तर ते हेच. यानंतर प्रश्न विचारा, कीपर बोलते होतात.

येरझाऱ्या दिसल्या की लगेच निकाल देऊ नका. खाण्याची वेळ जवळ आली की निरोगी वाघही फेऱ्या मारतो. सर्कशीतून आलेल्या जनावराची ती खोड चांगल्या जागेतही वर्षानुवर्षं राहते. कीपरला विचारा. मात्र सगळीच जनावरं, दिवसभर, त्याच चार पावलांत फिरत असतील, तर ती जागा वाईट.

लहान मुलांकडे या प्राण्यांचं लक्ष लगेच जातं. पळणारं, रडणारं, अडखळणारं मूल दिसलं की काचेपलीकडे वाघ दबा धरतो. आईबापांना त्यात मौज वाटते. जनावरासाठी ती शिकारच असते. मुलांना जाळीसमोर पळू देऊ नका आणि अलीकडच्या कठड्यावर बसवून फोटो तर मुळीच काढू नका. तो कठडा आणि जाळी यांच्यातलं अंतर पंजा बाहेर येईल हे धरूनच ठेवलेलं असतं.

आणि एक व्यावहारिक सूचना. वाघ किंवा सिंह जाळीकडे पाठ फिरवून शेपूट ताठ उभी करू लागला की बाजूला व्हा. तो हद्द आखतोय. ही मुताची चिळकांडी मागच्या बाजूला दोन-तीन मीटर सहज जाते आणि तो वास कपड्यांतून लवकर सुटत नाही. अनुभवी पर्यटक कसे झटकन पांगतात, ते तिथे बघायला मिळतं.

कोलोरॅडोच्या पार्कमध्ये जनावरांच्या कुरणांवरून दीड किलोमीटरहून लांब उंच पूल आहे. वरून चालणारी माणसं जनावरांना आपल्या हद्दीत घुसल्यासारखी वाटत नाहीत, असा तिथला अनुभव. अशा ठिकाणी दुर्बिणीशिवाय जाऊ नका, जनावरं बरीच लांब असतात.

फोटो

जाळीतून काढताना कठडा न ओलांडता जितकं जवळ जाता येईल तितकं जा, झूम पूर्ण वाढवा, ॲपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र) जास्तीत जास्त उघडा, आणि जाळीचा सावलीतला भाग निवडा. उन्हात चमकणारी तार फोटोत येते, सावलीतली विरून जाते. जनावर जाळीपासून जितकं दूर, तितकं बरं. काच असेल तर लेन्स काचेला टेकवा आणि गडद कपडे घाला, म्हणजे तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. फ्लॅश कधीच नाही. फोन जाळीवरच फोकस करत असेल तर पडद्यावर जनावराच्या डोळ्यावर बोट दाबून धरा.

काही बिनसलं तर, आणि निघताना

कोणत्याही सस्तन प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं, मग ते पार्कच्या दारातलं माकड का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीजची लस घरी परतल्यावर घेऊ म्हणून टाळू नका. प्रवास विम्यात प्राण्यांमुळे झालेली इजा धरली आहे का, हे निघण्यापूर्वीच बघून ठेवा. प्राण्यांशी स्वेच्छेने केलेला संपर्क वगळलेला असू शकतो.

भेटवस्तूंच्या दुकानात नख, दात, हाड, कातडं असं काही मिळालं तर घेऊ नका, 'जुनं आहे' म्हटलं तरी नाही. मार्जारकुळातल्या वन्य प्राण्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे. वाघ, बिबट्या, हिमबिबट्या, जॅग्वार आणि चित्ता सगळ्यात कडक यादीत येतात. विमानतळावर वस्तू जप्त होतेच, शिवाय खटलाही होऊ शकतो.

इतकं पारखूनही आत गेल्यावर साखळीतला बछडा दिसलाच, तर तिथे वाद घालू नका. तारीख, वेळ, जागा लिहून घ्या, शक्य असेल तर लांबून फोटो घ्या, आणि मान्यता देणाऱ्या संस्थेला व ज्या कंपनीकडून तिकीट घेतलं तिला कळवा. तो फोटो सोशल मीडियावर मात्र टाकू नका, टीका लिहूनही नाही. खालचा मजकूर कुणी वाचत नाही, पण 'हे कुठे आहे?' असं विचारणारे लगेच येतात.